वार कशावर करायचा?

विरार पूर्वेचे चंदनसार आता गाव कमी आणि शहर जास्त आहे. जीवदानीचा डोंगर अजून दिसतो, पण भातखाचरांच्या जागी चाळी आणि इमारती आल्या आहेत, आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जाणाऱ्या रिक्षांची वर्दळ दिवसभर थांबत नाही. तरीही तलवारीच्या सरावासाठी कापायचे साहित्य गोळा करायचे असेल तर याच्यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडणार नाही. पश्चिमेला आगाशी, नाळे, निर्मळ, भुईगावच्या वाड्यांत केळी आहे. पूर्वेला वाडा तालुक्याच्या बाजूला भात आहे, म्हणजे पेंढा आहे. बांबू आहे. बाजारात लिंबू, दुधी, कोहळा आणि भंगारवाल्याकडे पाण्याच्या रिकाम्या बाटल्या व रद्दी हवी तेवढी. जगभरचे तलवारबाज ज्या वस्तूंवर पाते चालवून पाहतात, त्यांतल्या बहुतेक एका टेम्पोच्या फेरीत जमतील.

मग निवडायचे काय? बहुतेक लोक जे सगळ्यात दिमाखात कोसळते ते निवडतात. प्रेक्षक जमवायचे असतील तर ते ठीकच आहे. पण शिकायचे असेल तर उलटा हिशोब करावा लागतो. वार चुकला तर जी वस्तू ते लपवत नाही, तीच कामाची. कापली जाणे हे लक्ष्याचे दुय्यम काम आहे. त्याचे पहिले काम साक्ष देण्याचे.

केळीपासून सुरुवात करू, कारण वसईत दुसरीकडून सुरुवात करणे बरे दिसणार नाही. केळीचा जो बुंधा आपल्याला दिसतो तो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खोड नव्हेच. पानांचे तळ एकमेकांभोवती घट्ट गुंडाळून तो खांब तयार होतो. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. पदरापदरांत हवेच्या पोकळ्या असतात आणि ताज्या बुंध्याच्या वजनात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी असते. झाडावर घड येऊन गेला असेल तर मधोमध फुलोऱ्याचा दांडा वर चढलेला असतो, तेवढाच काय तो जरा टणक. एक घड दिला की तो बुंधा पुन्हा फळत नाही, तोडावाच लागतो. त्यामुळे वाडीवाल्याशी नीट बोललात तर सरावाचे साहित्य जवळपास फुकट मिळते.

वीतभर जाडीचा खांब एका वारात आडवा होतो, पांढरे पाणीदार तोंड उघडे पडते, बघणारे टाळ्या वाजवतात. अडचण अशी की वाडीतला गडी साध्या कोयत्याने हेच रोज करतो, टाळ्यांशिवाय. केळीचा बुंधा अतिशय क्षमाशील आहे. पाते थोडे तिरके पडले, धार थोडी गेलेली असली, तरी वजनाच्या आणि वेगाच्या जोरावर वार पार होतो. म्हणून केळी कापली या बढाईवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. बुंधा जाड असेल आणि पाते अर्ध्यात अडकले, तर मात्र त्यातून काही कळते: दोन्ही बाजूंनी ओले पदर पात्याला धरून ठेवतात आणि वेग कुठे संपला ते नेमके दिसते. नवख्याच्या हाताची भीती मोडायला, पूर्ण खांद्यापासून वार सोडायची सवय लावायला केळी उत्तम. दर आठवड्याची परीक्षा घ्यायला ती कुचकामी. आणि तिचा चीक कपड्यांवर पडला की तपकिरी डाग कायमचा, हे वसईकराला सांगायची गरज नाही. पात्यावरही तो वाळू देऊ नये.

इथे दोन प्रश्नांची गल्लत नेहमी होते. पाते कसे आहे हा एक प्रश्न, आणि हात कसा आहे हा दुसरा. पहिल्यासाठी लक्ष्य शरीरासारखे हवे. दुसऱ्यासाठी दर वेळी सारखे हवे. एदो काळातल्या जपानने पहिला प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर शोधताना ते लोक टोकाला गेले. देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या मृतदेहांवर नवी तलवार चालवून पाहात. यामादा आसाएमोन हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्या घराण्याकडे ते काम होते, आणि एका वारात किती धडे कापली गेली ते मुठीत झाकल्या जाणाऱ्या पात्याच्या भागावर कोरले जाई, कधी सोन्याने भरून. आज जपानमध्ये तामेशिगिरी म्हणतात ती कापण्याची कसोटी गवती चटईच्या गुंडाळीवर करतात. तातामी या चटईचे वरचे आवरण घट्ट गुंडाळून, भिजवून उभे करायचे. मांसाला भिजलेली गुंडाळी, हाडाला तिच्या आतली हिरव्या बांबूची काठी, अशी तुलना तिथे सांगितली जाते. ती ढोबळच समजावी. या गुंडाळीचा खरा फायदा हा की कालची आणि आजची सारखी असते.

ब्रिटिशांनी 19व्या शतकात सैनिकी खेळांतून तिसराच प्रकार रूढ केला. शिशाची कांब एका वारात तोडायची, मेंढीचे धड कापायचे, आणि मग रेशमी रुमाल हवेत दोन करायचा. वॉल्टर स्कॉटच्या ‘द टॅलिस्मन’ या 1825 सालच्या कादंबरीत रिचर्ड राजा लोखंडी दांडा तोडतो आणि सलादिन पातळ वस्त्र कापून दाखवतो. प्रसंग कल्पित आहे, पण त्यातला भेद खरा आहे. शिसे ताकद आणि पात्याचे वजन मोजते. रेशीम फक्त धार आणि वेग मोजते, कारण त्याला आधारच नसतो. पाते जरा जरी दाबले तरी ते बाजूला सरकते. माणसाचे कौशल्य या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते आणि त्या मधल्या पट्ट्यात साक्ष देणारी वस्तू शोधायची म्हटली की आपण पेंढ्याकडे येतो.

भौगोलिक मानांकन मिळालेला वाडा कोलम तांदूळ सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या मागे उरणाऱ्या पेंढ्याचे कौतुक कुणी करत नाही. सरावाला लांब, न मोडलेला पेंढा लागतो, म्हणजे विळ्याने कापून झोडलेल्या भाताचा. यंत्राने कापणी-मळणी झालेल्या शेतातला चुरडलेला पेंढा घेऊ नये, त्याची पेंढी बांधता येत नाही. मनगटापासून दंडापर्यंत जाडीची पेंढी करायची, चार-चार बोटांवर घट्ट बांधायची, रात्रभर पिंपात बुडवून ठेवायची आणि सकाळी उभी करून पाणी निथळू द्यायचे. भिजवण्याला कारण आहे. कोरडी काडी हलकी आणि निसरडी. धार टेकली की ती वाकते, सरकते, आणि पेंढी कापली जाण्याऐवजी ढकलली जाते. ओली पेंढी जड होते. जडत्वाने ती जागेवर थांबते आणि काड्या एकमेकींना धरून राहतात.

पेंढी बांधण्यात आळस केला तर पुढचे सगळे वाया. सैल पेंढीवर चांगला वारही फसतो. म्हणून कोरड्या पेंढीचे वजन काट्यावर करावे आणि दर वेळी तेवढेच घ्यावे. भिजवण्याचा वेळही तोच ठेवावा. नाहीतर आज पेंढी तुटली आणि उद्या नाही, तर दोष हाताचा की गाठीचा हे कुणी सांगायचे?

आता कापलेले तोंड वाचायचे. सपाट, तिरपे, एका पातळीतले तोंड म्हणजे पाते ज्या दिशेला धावत होते त्याच दिशेला धारही बघत होती. तोंड खोलगट वळलेले असेल, तर आत शिरल्यावर पाते मुठीत फिरले. वरच्या काड्या स्वच्छ आणि शेवटच्या चार-सहा तंतू निघून तुटलेल्या, तर वेग शेवटपर्यंत टिकला नाही. हात आधीच थांबला. पेंढी खुंटीवरून उडाली आणि तिच्यावर फक्त दबल्याची खूण दिसते, तर पाते आडवे पडले. वरून खाली तिरपा वार सगळ्यात सोपा. आडवा वार कठीण, कारण तिथे वजनाची मदत नाही आणि लक्ष्याला पळून जायला पूर्ण मोकळीक असते. खालून वर वारही सोपा नाही. एवढी सगळी माहिती केळीचा बुंधा देत नाही, बाटली तर नाहीच नाही.

पेंढ्याची एक खोड मात्र आहे. भाताच्या काडीत सिलिका भरपूर असते, सुक्या काडीच्या वजनात दहावा भाग तरी धरावा. कापणीच्या दिवसांत विळा पुन्हा पुन्हा धार लावायला का न्यावा लागतो ते यामुळेच. तलवारही त्याला अपवाद नाही. सराव जास्त झाला की वार चुकतात ते हातामुळे नव्हे, धारेमुळे. मधूनमधून कागद कापून धार तपासली नाही तर माणूस स्वतःलाच नको ते दोष लावत बसतो.

ओल्या मातीचाही इथे विचार व्हावा. मध्ययुगीन इजिप्त आणि सीरियाच्या मामलुक घोडेस्वारांच्या युद्धविद्येच्या ग्रंथांत मातीच्या गोळ्यावर वार करण्याचा सराव सांगितला आहे. मातीत धारेचा मार्ग कोरलेला राहतो आणि तीच माती मळून पुन्हा वापरता येते. गणपतीच्या मोसमात शाडू सगळीकडे मिळतो. त्यात खडा नाही एवढे बघावे, कारण एका खड्याने धारेत दात पडतो. खोल वाराचा सराव मातीवर होत नाही, ती पात्याला चिकटून धरते. पण धार सरळ पडते आहे की नाही हे आठवडाभर फक्त मातीवर बघितले तरी पुढे पेंढ्या कमी वाया जातात.

महाराष्ट्राचे स्वतःचे लक्ष्य मात्र यांतले कुठलेच नाही. ते आहे लिंबू. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत दांडपट्टा फिरवत जमिनीवर ठेवलेले, तळहातावर ठेवलेले, मानेवर ठेवलेले लिंबू कापतात. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. योगायोग असा की ब्रिटिश काळातल्या हिंदी घोडदळाच्या खेळांतही दौडत्या घोड्यावरून दोरीला टांगलेले लिंबू कापण्याची स्पर्धा असे, आणि तंबूची मेख उचलण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ती आजही आहे.

लिंबू कापायला ताकद लागत नाही, ते तर घरातल्या सुरीनेही होते. मग ते मोजते काय? दांडपट्ट्याची रचना पाहिली की उत्तर मिळते. पट्ट्याचे पाते लांब, सरळ आणि लवचीक. मूठ लोखंडी दस्तान्याच्या आत, कोपरापर्यंत हात झाकलेला. मनगट जवळजवळ बंद होते आणि हात व पाते मिळून एकच लांब दांडा बनतो. तलवारीत मनगट वळवून शेवटच्या क्षणी चूक सावरता येते, पट्ट्यात ती सोय नाही. सगळे खांदा, कंबर आणि पावले यांच्यावर. त्यात लवचीक पाते हवेत थरथरते; वेग नीट वाढवला नाही तर धार डुलत डुलत पोचते. अशा हत्यारासाठी कठीण लक्ष्य ठेवण्यात अर्थच नव्हता. अंतर किती अचूक धरले, आणि पाते कुठे थांबवले, हे त्याचे प्रश्न. जमिनीवरचे लिंबू दोन झाले आणि पाते मातीला लागले नाही, तर दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली. लिंबू मोकळे असते, हलके असते. धार बोथट किंवा वार संथ असेल तर ते कापण्याऐवजी गडगडत जाते.

माणसाच्या मानेवर लिंबू ठेवण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ती धैर्याची परीक्षा आहे, आणि तीही जो निश्चल बसतो त्याच्या धैर्याची. पट्टेकऱ्याला त्यातून नवे काही शिकायला मिळत नाही. त्याऐवजी भिजवलेल्या पेंढीच्या डोक्यावर लिंबू ठेवा आणि वरून वार करून लिंबूच फक्त कापा. पाते खाली किती उतरले ते पेंढी अचूक सांगते, अर्धा बोट की दोन बोटे. तीच पेंढी माणसाची मान असती तर, हा विचार पुरेसा आहे.

कोहळ्याला आपल्याकडे वेगळा मान. कोल्हापुरात ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कुमारिकेच्या हातून कोहळा फोडण्याचा विधी होतो आणि त्याचे तुकडे मिळवायला भक्तांची झुंबड उडते. बळीच्या जागी फळ, ही युक्ती देशभर आहे. सरावाच्या दृष्टीने कोहळा सालीची परीक्षा घेतो. साल टणक, मेणचट आणि गोल. धार जरा तिरपी टेकली की पाते घसरते. आत गेल्यावर मात्र काहीच विरोध नाही. धारेचा पहिला चावा कसा आहे एवढेच त्यातून कळते, आणि वाकड्या पात्याचा फायदाही तिथे जाणवतो. तलवारीचा बाक सरळ वारालाही आपोआप ओढीची गती देतो. नुसते दाबण्यापेक्षा ओढत कापायला जोर कमी लागतो, हे विळीवर भाजी चिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सरळ पात्याला ही ओढ हाताने द्यावी लागते. वसईवर 1534 ते 1739 अशी दोनशे वर्षे पोर्तुगीज होते आणि युरोपातून येणारी सरळ पाती मराठ्यांनी फिरंग म्हणून आवडीने वापरली. फिरंग आणि बाकदार तलवार एकाच लक्ष्यावर तोलायच्या असतील तर कोहळा फसवा. बाकदार पाते तिथे विनाकारण सरस ठरते.

बाकीच्या वस्तू भराभर सांगतो. पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली स्वस्त आहे, आणि नीट कापली तर खालचा भाग पाण्यासकट उभा राहतो, तेवढे समाधान खरे. पण ती पातळ कातडीची पिशवी आहे, खोलीची कसोटी नाही. कापल्यावर कडा वस्तऱ्यासारख्या होतात, अनवाणी फिरू नये. भिजवलेल्या रद्दीची गुंडाळी दिसायला चटईसारखी, पण कागदात चिनी मातीसारखी भर असते, गुळगुळीत मासिकांत तर फारच. धार पाहता पाहता मरते. बाजारात मिळणारी रंगीत चटई बहुधा प्लास्टिकची असते, ती गुंडाळून उभी करण्याचा विचारही नको. बांबू वापरायचा तर हिरवा, त्याच दिवशी तोडलेला, दोन पेरांच्या मधोमध आणि तिरपा. वाळलेला बांबू आणि गाठ या दोन्हींवर धारेचे तुकडे उडालेले आहेत.

इतिहासाशी प्रामाणिक राहायचे असेल तर एक वस्तू घरात सापडते आणि तिच्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही: जुनी गोधडी. आपल्याकडचे सैनिक लोखंडी चिलखतच घालत असे नाही. कापसाने भरलेले, टाके घातलेले जाड अंगरखेही घालत. ओल्या पेंढीवर गोधडीचे दोन पदर घट्ट गुंडाळा आणि मग वार करा. ज्या वाराने उघडी पेंढी सहज दोन होत होती, तो आता कापडातच दबून राहतो. पदर एकमेकांवर सरकतात, धागे एकत्र ताणले जातात आणि धारेला आत शिरायला जागा देत नाहीत. चित्रपटात एका फटक्यात माणसे दुभंगताना पाहून झालेला समज उतरवायला याच्याइतका स्वस्त उपाय नाही.

लक्ष्यापेक्षा हत्यार जास्त धोक्याचे असते, हे लिहिल्याशिवाय प्रकरण पुरे होणार नाही. भेट म्हणून मिळणाऱ्या शोभेच्या तलवारीत पाते मुठीत एका बारीक सळीवर वेल्ड केलेले असते. पहिल्या अडखळलेल्या वारात ते सुटून प्रेक्षकांत जाऊ शकते. घरातली पणजोबांची तलवार त्याहून वाईट. जुन्या तलवारींत पात्याचा आखूड शेवट मुठीत लाखेसारख्या राळेने बसवलेला असतो, आणि शंभर-दीडशे वर्षांनी ती राळ कोरडी होऊन सुटलेली असते. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते. तिच्यावर बाटल्या कापणे हा करंटेपणाच. कायद्याची दुसरी बाजूही आहे. 1959 चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे 2016 चे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांना शस्त्रांत मोजतात. घरगुती आणि शेतीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. वाडीतल्या कोयत्याला जी मोकळीक आहे ती तलवारीला नाही. मीरा-भाईंदर, वसई-विरारला 2020 पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे; धारदार पात्याचा सराव करायचा तर वस्तादाने तिथे आधी विचारावे, आणि रस्त्याने तलवार मिरवत जाऊ नये.

राहता राहिली पेंढी उभी करायची खुंटी. ती लाकडी हवी, लोखंडी नळी कधीच नको. चुकलेला वार खाली उतरला की लाकूड धारेला जागा देते, लोखंड देत नाही. खुंटीचा पाट रुंद आणि जड, वाराच्या रेषेत पुढे-मागे कुणी उभे नाही, जमीन ओली झाली की जागा बदलायची. पेंढी सुतळीने बांधावी. बांधकामावरची तार हाताशी असते म्हणून लोक ती वापरतात. एकदा धार तिच्यावर पडली की दात पडलाच. आणि दुसरे असे की सराव संपल्यावर कापलेली पेंढी कुणाच्या तरी गोठ्यात जाते. तारेचा तुकडा गाईच्या पोटात गेला तर तो आतून टोचतो, पोटाच्या भिंतीतून थेट हृदयापर्यंत पोचू शकतो. गुरांच्या डॉक्टरांना हा आजार चांगला परिचयाचा आहे. तेव्हा सुतळी, आणि तीही सोडवून, मोजून बाजूला काढायची, मग पेंढा द्यायचा.